लोकप्रतिनिधींना काय द्यावं, काय देऊ नये

लोकप्रतिनिधींचा पगार वाढल्याची बातमी आली की प्रतिक्रिया ठरलेली असते: यांना आधीच काय कमी मिळतं? देश कुठलाही असो. राग समजण्यासारखा आहे, पण त्यात चार वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. दरमहाचा पगार, काम करायला लागणारा खर्च, पदाबरोबर येणाऱ्या सवलती, आणि पद गेल्यावर मिळणारे पैसे. या चौघांना एकच माप लावता येत नाही. आजवरचे मोठे घोटाळे पाहिले तर बहुतेक वेळा गडबड पगारात झालेली नसते. पगाराची भरपाई खर्चाच्या खात्यातून करण्याची सोय कुणीतरी हळूच करून ठेवलेली असते, तिथे ती झालेली असते.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. पगार उघड आणि पुरेसा असावा. कामाचा खर्च पूर्ण मिळावा, पण शक्यतो लोकप्रतिनिधीच्या हातात पैसे न देता. आणि सवलती जवळजवळ नसाव्यात.

पगार द्यायचाच कशाला?

‘सेवा करायला आलात ना, मग पैसे कशाला?’ हा प्रश्न फार जुना आहे. अमेरिकेची राज्यघटना तयार होत असताना, १७८७ मध्ये, बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचवलं होतं की कार्यकारी प्रमुखाला फक्त खर्च द्यावा, पगार देऊ नये. सत्तेची हाव आणि पैशाची हाव एकाच पदावर भागायला लागली तर भांडखोर आणि स्वार्थी माणसंच तिथे गर्दी करतील, अशी त्यांची भीती होती. सभेने वयोवृद्ध फ्रँकलिन यांचं आदराने ऐकून घेतलं आणि प्रस्ताव बाजूला ठेवला.

भीती खोटी नव्हती, पण उपाय चुकीचा होता. पगार नसला की हावरे लोक येत नाहीत असं होत नाही. ज्यांना पगाराची गरज नाही असेच लोक येतात, म्हणजे जमीनदार, वारसाने श्रीमंत झालेले, किंवा ज्यांचा खर्च दुसरंच कुणीतरी उचलतं असे. प्राचीन अथेन्सला हे कळलं होतं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पेरिक्लीसने न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकांना रोजचे पैसे द्यायला सुरुवात केली. त्यामुळे ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे त्यालाही एक दिवस काम सोडून निवाडा करायला बसणं परवडू लागलं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथल्या कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीने १८३८ मध्ये सहा मागण्या मांडल्या, त्यांतली एक खासदारांना पगार देण्याची होती. ती मान्य व्हायला सत्तरहून अधिक वर्षं गेली. तोपर्यंत मजूर पक्षाचे खासदार कामगार संघटनांनी गोळा केलेल्या पैशावर जगत होते. १९०९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने निर्णय दिला की संघटनांना आपला निधी राजकारणासाठी वापरता येणार नाही. कामगारांच्या प्रतिनिधींचा आधार एका फटक्यात गेला. अखेर १९११ पासून सरकारने खासदारांना वर्षाला ४०० पौंड द्यायला सुरुवात केली. पगाराच्या मागे उदारपणा नव्हता. गरीब माणसाने संसदेत बसायचं असेल तर कुणीतरी त्याचा खर्च उचलायलाच हवा, एवढा साधा हिशोब होता. तो जनतेने उचलला नाही तर दुसरं कुणीतरी उचलतं आणि त्या बदल्यात काहीतरी मागतं.

नाममात्र पगाराची परिणती आजही पाहता येते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात आमदाराला वर्षाला १०० डॉलर मिळतात. हा आकडा १८८९ पासून तसाच आहे. कनिष्ठ सभागृहात ४०० जागा आहेत आणि तिथे निवृत्त मंडळी भरपूर दिसतात. लहान मुलं असलेल्या, महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला हे परवडणं कठीण. कुणी याला लोकसेवेचा आदर्श म्हणेल. माझ्या मते ही निवडणुकीआधीच लागलेली एक चाळणी आहे.

खर्च म्हणजे कमाई नव्हे

कंपनीने कर्मचाऱ्याला बाहेरगावी पाठवलं आणि तिकिटाचे पैसे दिले तर त्याला आपण पगारवाढ म्हणत नाही. लोकप्रतिनिधींच्या बाबतीत मात्र सगळं एकत्र धरून ‘एका खासदारावर इतका खर्च’ असा आकडा फिरवला जातो. त्या आकड्यात खूप काही दडलेलं असतं. मतदारसंघातलं कार्यालय, तिथे अर्ज-तक्रारी पाहणारे कर्मचारी, स्वीय सहायक, टपाल, फोन, राजधानीपर्यंतचा प्रवास, अधिवेशनकाळात राहण्याची सोय. यातला सर्वांत मोठा भाग बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या पगाराचा असतो. हा खर्च कापला तर लोकप्रतिनिधीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पेन्शन अडकली म्हणून त्याच्या कार्यालयात चकरा मारणाऱ्या माणसाचं. शिवाय अभ्यास करून देणारी माणसं जवळ नसलेला प्रतिनिधी विधेयक समजून घ्यायला मग कुणाकडे जातो? ज्या उद्योगाला त्या विधेयकाची झळ बसणार आहे, त्याने नेमलेल्या माणसांकडे. टिपणं त्यांच्याकडे तयारच असतात.

विकासनिधीचंही असंच. भारतात खासदार स्थानिक विकास योजनेत वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवू शकतात. हे पैसे खासदाराच्या खात्यात जात नाहीत, जिल्हा प्रशासनामार्फत खर्च होतात. योजना चांगली की वाईट, हा वेगळा वाद. पण ती रक्कम ‘मिळकत’ म्हणून मोजणं निव्वळ चूक आहे. सुरक्षेचाही खर्च तसाच. २०१६ मध्ये जो कॉक्स आणि २०२१ मध्ये डेव्हिड एमेस या दोन ब्रिटिश खासदारांची मतदारसंघात, लोकांना भेटायच्या वेळी हत्या झाली. त्यानंतर खासदाराच्या घराला बसवलेलं मजबूत कुलूप चैनीच्या यादीत टाकता येणार नाही.

ब्रिटनमध्ये २००९ साली काय झालं

हे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण खर्चाची व्यवस्था कशी नासते त्याचा सगळा क्रम त्यात दिसतो.

सुरुवात पगार न वाढवण्यापासून झाली. १९८० च्या दशकापासून एकामागून एक सरकारांना खासदारांचा पगार वाढवायची धास्ती वाटत होती, कारण मथळे वाईट येतात. मग खासदारांची नाराजी शमवायला भत्ते सैल केले गेले. पगारवाढीवर गदारोळ होतो, भत्त्याच्या नियमातल्या बदलाकडे कुणी पाहत नाही. लंडनबाहेरच्या खासदारांना दुसऱ्या घरासाठी वर्षाला वीस हजार पौंडांहून जास्त मागता येऊ लागले. त्यात कर्जाचं व्याज, फर्निचर, दुरुस्ती, बाग, सगळं बसायचं. २००८ पर्यंत अडीचशे पौंडांपर्यंतच्या वस्तूला पावतीही लागत नव्हती. ही रक्कम म्हणजे खरं तर तुमचा पगारच आहे, मागून घ्या, अशी समजूत हळूहळू मुरली.

मग युक्त्या आल्या. कुठलं घर ‘पहिलं’ आणि कुठलं ‘दुसरं’ हे खासदारच ठरवायचा आणि ते बदलताही यायचं. एका घराला ‘दुसरं’ म्हणायचं, सरकारी पैशाने सजवायचं, मग शिक्का फिरवून दुसऱ्या घराची डागडुजी सुरू करायची. काहींनी तर संसदेला एक घर ‘दुसरं’ म्हणून सांगितलं आणि विकताना कर वाचवायला कर खात्याला तेच ‘मुख्य’ म्हणून दाखवलं.

माहिती अधिकाराखाली हे तपशील मागितले गेले तेव्हा संसदेने न्यायालयापर्यंत विरोध केला आणि २००८ मध्ये ती हरली. त्यानंतर जी प्रत जाहीर होणार होती तिच्यात पत्ते काळे केलेले होते. पत्ता दिसला नाही तर घरांची अदलाबदल कळणार कशी? मे २००९ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’च्या हाती न झाकलेली माहिती लागली आणि रोज एक-एक बिल छापून येऊ लागलं. एका खासदाराच्या दाव्यांच्या कागदपत्रांत वाड्याभोवतीचा खंदक साफ करण्याचा खर्च होता. दुसऱ्याने तळ्यातल्या बदकांच्या घरासाठी १,६४५ पौंड मागितले होते. गंमत म्हणजे बदकांच्या घराचा दावा नामंजूर झाला होता, पण लोकांच्या लक्षात तेच राहिलं. सभागृहाचे अध्यक्ष मायकेल मार्टिन यांना पद सोडावं लागलं. १६९५ नंतर अध्यक्षाला असं जावं लागण्याची ती पहिलीच वेळ. काही खासदार खोट्या दाव्यांसाठी तुरुंगात गेले.

फेरतपासणीनंतर परत करायला लावलेली रक्कम दहा लाख पौंडांच्या थोडी वर होती. देशाच्या अंदाजपत्रकात ती शोधूनही सापडणार नाही. पगार चार पैशांनी उघडपणे वाढवला असता तर याहून स्वस्त पडलं असतं.

त्यानंतर एक स्वतंत्र प्राधिकरण आलं आणि त्याने साधे बदल केले. घरकर्जाचं व्याज बंद, फक्त भाडं. कर्मचाऱ्यांचा पगार प्राधिकरण थेट देतं, खासदाराच्या हातून पैसा फिरतच नाही. प्रत्येक दावा जाहीर होतो. पुढे नातेवाइकांना नव्याने नोकरीवर ठेवण्यावरही बंदी आली. या शेवटच्या मुद्द्याचा धडा फ्रान्सलाही मिळाला. २०१७ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार फ्रान्स्वा फियों यांच्यावर पत्नीला संसदीय सहायक म्हणून पगार दिला, पण काम करून घेतलं नाही, असा आरोप झाला आणि त्याच वर्षी तिथे जवळच्या कुटुंबीयांना नेमण्यावर कायद्याने बंदी आली.

पावती की ठोक रक्कम?

ठोक रकमेच्या बाजूने एक खरा युक्तिवाद आहे: प्रत्येक चहाची पावती तपासायला चहापेक्षा जास्त खर्च येतो. ब्रिटनच्या नव्या प्राधिकरणाचाही सुरुवातीला असाच अनुभव होता. अनेक दाव्यांची रक्कम तपासणीच्या खर्चापेक्षा कमी भरायची. पण ठोक रकमेला एक खोड आहे. ती खर्च न करता उरवता येते, आणि उरली की ती पगार होते. युरोपीय संसदेत २००९ पर्यंत प्रवासभत्ता अंतरावर ठरायचा, तिकिटावर नाही. स्वस्त विमानाने या, फरक खिशात टाका. आता प्रत्यक्ष खर्च दिला जातो. फ्रान्सनेही बिनपावतीचा मासिक भत्ता मोडीत काढून २०१८ पासून हिशोब द्यावा लागेल अशी आगाऊ रक्कम सुरू केली. जर्मनीत मात्र करमुक्त ठोक भत्ता अजून आहे.

मला मधला मार्ग पटतो. किरकोळ गोष्टींना लहान ठोक दैनिक भत्ता, तोही हजर असलेल्या दिवसांचाच. बाकी प्रवास, घर, कार्यालय यांचे पैसे थेट विमान कंपनीला, घरमालकाला, कर्मचाऱ्याला. उरवायला काही नसलं की उरवण्याचा मोहही नसतो.

पण पावती खरी असूनही खर्च चुकीचा असू शकतो. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सभागृहाध्यक्ष ब्रॉनविन बिशप मेलबर्नहून जिलाँगला पक्षाच्या निधी-संकलन कार्यक्रमासाठी हेलिकॉप्टरने गेल्या. रस्त्याने तासाभराचं अंतर, बिल पाच हजार डॉलरहून जास्त, आणि ते सरकारी खात्यात टाकलेलं. २०१५ मध्ये हे उघड झालं आणि पद गेलंच. दोन वर्षांनी तिथे जो कायदा झाला त्यात एक कसोटी आहे: प्रवासाचा मुख्य हेतू संसदीय काम हाच असला पाहिजे, आणि दिलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला मिळाला पाहिजे. लग्नाला जाताना वाटेत एक बैठक उरकली म्हणून तिकीट सरकारी होत नाही. राजकारण्याच्या आयुष्यात पक्षाचं काम, पदाचं काम आणि घरचं काम यांच्या सीमा खरंच पुसट असतात, त्यामुळे वाद संपणार नाहीत. निदान ते कशावर घालायचे हे तरी ठरतं.

सवलतींबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ही सवलत काढून घेतली तर काम अडेल का, एवढं विचारावं. दूरच्या सदस्याला राजधानीत झोपायला जागा लागते. स्वीडनमध्ये ती लहानशा सदनिकेच्या रूपात मिळते. अनुदानित जेवण लागत नाही. भारताच्या संसदेने उपाहारगृहाचं अनुदान २०२१ मध्ये बंद केलं आणि कामकाज त्यामुळे थांबलं नाही. अधिवेशनं थांबण्याची कारणं वेगळीच असतात.

किती, आणि कुणी ठरवायचं?

पगार वाढवला तर चांगले लोक येतात का? संशोधनाचं उत्तर सरळ नाही. ब्राझीलमध्ये नगरपालिका सदस्यांच्या पगाराची कमाल मर्यादा लोकसंख्येनुसार पायऱ्यापायऱ्यांनी बदलते. त्या पायऱ्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांची तुलना केली तेव्हा दिसलं की जास्त पगाराच्या गावांत स्पर्धा जास्त, उमेदवार थोडे अधिक शिकलेले आणि कामही थोडं अधिक. इटलीतल्या महापौरांबद्दलही जवळपास असंच आढळलं. पण युरोपीय संसदेत २००९ मध्ये सगळ्या देशांच्या सदस्यांचा पगार एकसारखा केला गेला, काहींचा तर कित्येक पटींनी वाढला, तेव्हा उलट चित्र दिसलं. लोक पुन्हा उभे राहू लागले, पण शिक्षणाच्या मापाने दर्जा वाढला नाही, उलट थोडा घसरला. म्हणजे पगाराने दार उघडतं, आत कोण येणार हे पक्षांच्या उमेदवारीवर ठरतं.

दुसऱ्या टोकाला सिंगापूर आहे. तिथे २०१२ पासून मंत्र्यांचा पगार देशातल्या सर्वाधिक कमावणाऱ्या हजार नागरिकांच्या मध्यम उत्पन्नातून ४० टक्के वजा करून ठरतो. पंतप्रधानांचा पगार त्या वेळी वर्षाला २२ लाख सिंगापूर डॉलर ठरला. आकडा डोळे फिरवणारा आहे आणि मला तो पटत नाही. ज्याच्या कमाईची तुलना फक्त धनिकांशी होते त्याला सामान्य माणसाचा महिना कसा कळणार? पण त्याच सूत्रातला दुसरा भाग उचलण्यासारखा आहे: जे काय द्यायचं ते पगारातच, लपलेल्या सवलती नाहीत, वेगळी पेन्शन नाही.

राहिला प्रश्न कुणी ठरवायचं याचा. स्वतःचा पगार स्वतः ठरवू नये हे सगळ्यांना पटतं, पण पर्यायही निर्दोष नाहीत. अमेरिकेत जेम्स मॅडिसन यांनी १७८९ मध्ये सुचवलं होतं की पगारातला बदल पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा. ती घटनादुरुस्ती दोन शतकं धूळ खात पडली. टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने १९८२ मध्ये त्यावर निबंध लिहिला, त्याला बेताचेच गुण मिळाले. मग त्याने राज्याराज्यांना पत्रं लिहून मोहीम चालवली आणि १९९२ मध्ये ती मंजूर झाली. आजही तिथल्या काँग्रेस सदस्याचा पगार २००९ पासून १,७४,००० डॉलरवर थांबला आहे, कारण वाढ मंजूर केल्याचं पाप कुणालाच डोक्यावर नको असतं. भारताने २०१८ मध्ये खासदारांचं वेतन महागाई निर्देशांकाला जोडलं, दर पाच वर्षांनी आपोआप फेरबदल. त्यानुसार २०२५ मध्ये ते एक लाखावरून १,२४,००० रुपये झालं. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने हा अधिकार एका स्वतंत्र आयोगाला दिला. आयोगाने कपात करताच खासदारांनी २०१३ मध्ये त्याच्याशी उभा दावा मांडला आणि संतापलेल्या आंदोलकांनी संसदेसमोर डुकरं आणून सोडली.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७५ मध्ये नेमकी उलट बाजू घेतली होती. लोकप्रतिनिधींनी आपलं वेतन स्वतःच, भर सभागृहात, जनतेच्या डोळ्यांदेखत ठरवावं, कुठल्यातरी सूत्रामागे लपू नये. हा मुद्दा मला अस्वस्थ करतो, कारण त्यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्राधिकरणाने पगार ६७ हजारांवरून ७४ हजार पौंड केला तेव्हा बहुतेक खासदारांनी हात झटकले: आम्ही कुठे ठरवलं? तरीही मी स्वतंत्र आयोगाच्या बाजूने आहे, फक्त त्याच्या निर्णयावर मॅडिसनची अट लावून. वाढ पुढच्या सभागृहाला. आज मत मागणाऱ्याला ती मिळेलच याची खात्री नको.

पद गेल्यावर

एका कार्यकाळानंतर आयुष्यभर पेन्शन, ही लोकांना सर्वांत जास्त सलणारी गोष्ट आहे, आणि बऱ्याचदा रास्तपणे. नोकरदाराला जेवढी वर्षं भरावी लागतात तेवढी इथे भरावी लागत नाहीत. पेन्शन असावी तर वर्षांच्या प्रमाणात, स्वतःचं अंशदान कापून आणि नेहमीच्या निवृत्तीच्या वयानंतर. अनेक पदांच्या अनेक पेन्शनी एकाच माणसाला, हे तर कुठल्याच तर्कात बसत नाही.

पण हरलेल्याला काहीच देऊ नये, हेही मला पटत नाही. निवडणूक हरणं म्हणजे एका रात्रीत नोकरी जाणं. पुढे काय खायचं याची चिंता असलेला माणूस पदावर असतानाच पुढच्या मालकाची मर्जी राखू लागतो, आणि तो मालक बहुधा ज्याच्यावर त्याने नियंत्रण ठेवायचं असाच असतो. यावर युरोपीय संसदेची पद्धत मला समजूतदार वाटते. काम केलेल्या दर वर्षामागे एक महिन्याचा पगार, किमान सहा महिने, कमाल चोवीस. आणि त्या काळात दुसऱ्या संसदेत निवडून आलात किंवा सरकारी पद स्वीकारलंत, तर तो बंद.